एक बशी, पाच माणसं

संध्याकाळी साडेसात म्हणजे आमच्या घरी पानं वाढायची वेळ. आईने चौतीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलं, आणि तिची भूक अजूनही शाळेच्या घंटेसारखी वेळेवर लागते. स्पेनमधल्या सेव्हिल शहरातल्या पहिल्या संध्याकाळी साडेसातला आम्ही दोघी तीन ठिकाणी जाऊन आलो. तिन्हीकडे उत्तर एकच: कोसीना, म्हणजे स्वयंपाकघर, बंद आहे. प्यायला घ्या, ऑलिव्ह घ्या, स्वयंपाकघर साडेआठला उघडेल.

मार्चचा मधला आठवडा होता. भाऊ चार वर्षांपासून सेव्हिलला नोकरीला आहे, इथले लोक शहराला ‘सेव्हिया’ म्हणतात. तो आणि वहिनी कामावर, भाची शाळेच्या कसल्याशा वर्गाला. म्हणून आम्ही मायलेकी कॅथीड्रल बघायला एकट्याच बाहेर पडलो होतो. हिराल्डाचा मनोरा बघून झाला, पाय दुखायला लागले आणि पोटात कावळे ओरडायला लागले. दुपारचं जेवणच इथे दोन ते चारच्या दरम्यान होतं, रात्रीचं नऊच्या पुढे. मधल्या वेळात शहर जेवत नाही हे भावाने फोनवर सांगितलं होतं, पण ऐकणं वेगळं आणि रिकाम्या पोटी रस्त्यावर उभं राहणं वेगळं.

शेवटी कॅथीड्रलजवळच, दारात पदार्थांच्या फोटोंचा मोठा फलक लावलेलं एक ठिकाण दिवसभर चालू असलेलं दिसलं. आत बसलो. आई मांस-मासे खात नाही. पदार्थात मिसळलेलं अंडं तिला चालतं. ‘व्हेजिटेरियन’ असं मी तीनदा सांगितलं, वेटरने तीनदा मान हलवली. सॅलड आलं, त्यावर ट्यूना माशाचा चुरा. परत पाठवलं. पाच मिनिटांनी तीच बशी आली, वरचा ट्यूना तेवढा चमच्याने उचललेला. पानांच्या कडांना तंतू चिकटलेले दिसत होते. मला इतका संताप आला की बोलायला शब्द सुचेनात, आणि जे सुचले ते त्यांना कळणारे नव्हते. आईने पाव खाल्ला, सहा-सात ऑलिव्ह खाल्ले आणि म्हणाली, “माझं पोट भरलं गं.”

हे वाक्य मी जन्मभर ऐकत आलेय. आमच्याकडे आई सगळ्यांना वाढून झाल्यावर शेवटी बसायची. पाहुणे आले, भाजी संपली, तर तव्यात उरलेल्या खरवडीशी भाकरी खाऊन उठायची आणि हेच म्हणायची. जवळपास आठ हजार किलोमीटर विमानातून आणून मी तिला पुन्हा तिथेच बसवलं होतं.

रात्री भावाला सांगितलं तर तो म्हणाला, “ताई, इथे नुसतं ‘मांस नको’ म्हणून भागत नाही. कार्ने म्हटलं की लोकांच्या मनात लाल मांस येतं. मासा निराळा, आणि हामोन तर यांच्या हिशेबी चवीपुरतं घालायची गोष्ट.” हामोन म्हणजे डुकराची मीठ लावून महिनोन् महिने वाळवलेली मांडी. सूपवर, अंड्यावर, भाजीवर तिचे बारीक तुकडे भुरभुरतात, आपण कोथिंबीर भुरभुरतो तसे. मग नऊ वर्षांच्या भाचीने आजीला एक वाक्य पाठ करून दिलं: सिन कार्ने, सिन पेस्कादो, सिन हामोन, सिन आतून. मांसाशिवाय, माशाशिवाय, हामोनशिवाय, ट्यूनाशिवाय. आईने ते तिच्या छोट्या वहीत मराठीत लिहून घेतलं आणि नातीकडून चार वेळा म्हणवून घेतलं, पाढे म्हणवून घ्यावेत तसं.

भावाने त्या रात्री आणखी एक गोष्ट नीट समजावली, जी मला आधी कुणी सांगितली असती तर बरं झालं असतं. इथल्या बारमध्ये ‘तापास’ खातात, पण तापास नावाचा पदार्थ नसतो. तापा हे इथे मापाचं नाव आहे. फळ्यावर एकाच पदार्थापुढे दोन-तीन किमती लिहिलेल्या असतात: तापा, मेदिया रासियोन, रासियोन. म्हणजे छोटी बशी, मध्यम, आणि पूर्ण. दोघं असलात तर तापा घ्यावी, चार-पाच जण असलात तर मेदिया. तापार म्हणजे झाकणे. पूर्वी वाइनच्या पेल्यात चिलटं पडू नयेत म्हणून त्यावर पावाचा किंवा हामोनचा तुकडा ठेवत, त्यावरून हे नाव पडलं असं सांगतात. त्याच्या राजे-रजवाड्यांच्या कथाही आहेत, त्या मी सोडून देते. ग्रानादा शहरात अजूनही पेयाबरोबर एक तापा फुकट मिळते, सेव्हिलमध्ये मात्र मागवावी लागते आणि पैसे पडतात. आम्हाला बहुतेक ठिकाणी एक तापा साडेतीन ते पाच युरोंना पडली. आणि एका जागी पोट भरायचं नसतं. दोन-तीन बशा झाल्या की पुढच्या दारी जायचं.

“म्हणजे जेवण संपतच नाही?” आईने विचारलं.

“संपतं, पण कुठे संपलं ते आधी ठरलेलं नसतं,” वहिनी म्हणाली.

शनिवारी दुपारी दीडला भाऊ आम्हाला हेरोना गल्लीतल्या एल रिंकोन्सियोत घेऊन गेला. नावाचा अर्थ छोटा कोपरा. सेव्हिलमधला सर्वांत जुना बार म्हणून तो ओळखला जातो, 1670 सालापासूनचा. आकडा ऐकल्याबरोबर आई म्हणाली, “तानाजींनी कोंढाणा घेतला ते वर्ष.” मला ते एकदम भिडलं. परक्या देशातली जुनी वास्तू बघताना वर्ष नुसतं वर्षच राहतं. आईने ते वाक्य उच्चारलं आणि त्या जागेचं वय मला कळलं.

आत गर्दी, आवाज, थंडगार रंगीत फरश्यांच्या भिंती, छतापर्यंत गेलेली काळपट लाकडी कपाटं आणि त्यांत बाटल्या. आणि डोक्यावर ओळीने टांगलेल्या मांड्या, प्रत्येकीच्या खाली गळणारी चरबी झेलायला एक छोटी वाटीवजा टोपी. आईने एकदा वर पाहिलं. परत पाहिलं नाही. मी घाबरले होते की ती बाहेर चला म्हणेल. ती काउंटरच्या टोकाला, भिंतीच्या कोपऱ्यात सरकून उभी राहिली, पदर सावरला आणि समोरच्या माणसाच्या हातांकडे बघत राहिली. बसायला खुर्च्या नव्हत्या. खालच्या भागात सगळे उभ्यानेच खातात. तिच्या गुडघ्यांचं मला टेन्शन आलं, पण काउंटरवर कोपर टेकवलं की अर्धं वजन तिकडे जातं हे तिला माझ्याआधी उमगलं.

“के ते पोंगो, मी आर्मा?” काउंटरमागच्या माणसाने थेट आईलाच विचारलं.

भाची खुदकन हसली. ‘काय देऊ तुला’ हा पहिला भाग, आणि ‘मी आर्मा’ म्हणजे माझ्या जिवा. शुद्ध स्पॅनिशमध्ये आल्मा, सेव्हिलच्या तोंडी आर्मा. आईचे कान लाल झाले. “चारचौघांत असं म्हणतात?” मग आठवडाभर भाजीवालीपासून बसचालकापर्यंत सगळे तिला तेच म्हणत राहिले, आणि परत निघताना तिला त्याची सवय झाली होती.

आम्ही घेतलं ते असं: पालक-छोले, साल्मोरेहो (टोमॅटो आणि पावाचं घट्ट, थंड सूप) हामोनशिवाय, मेंढीच्या दुधाचं चीज, आणि मासे खाणाऱ्यांसाठी पाविया, म्हणजे कॉड माशाची पिठात बुडवून तळलेली जाड पट्टी. पाविया मी एकटीने दोन खाल्ल्या. वरचं आवरण कुरकुरीत, आत मासा पाकळ्या-पाकळ्यांनी सुटणारा. भावाने बिअर घेतली, आईला आणि भाचीला मोस्तो, न आंबवलेला द्राक्षाचा रस. पण मला सांगायचंय ते पालक-छोल्यांविषयी.

एस्पिनाकास कोन गारबान्सोस हे सेव्हिलचं घरचं जेवण. दिसायला आपल्या पातळ भाजीपेक्षा घट्ट, काळपट हिरवं, वर ऑलिव्ह तेलाचा तवंग. आईने पहिला घास तोंडात धरून ठेवला. “जिरं आहे,” ती म्हणाली. “लसूण आहे. पण हा घट्टपणा कशाचा?” वहिनीने ते घरी केलेलं होतं, तिने तिथेच सांगितलं. शिळ्या पावाचे तुकडे आणि लसूण तेलात लालसर तळायचे, खलबत्त्यात जिऱ्याबरोबर कुटायचे, त्यात पिमेंतोन, म्हणजे इथली सौम्य लाल मिरचीपूड, आणि थोडं व्हिनेगर. हे वाटण पालकात घालून छोल्यांबरोबर रटरटू द्यायचं. आपण दाण्याचं कूट किंवा खोबऱ्याचं वाटण लावतो त्या जागी यांचा तळलेला पाव. आई ऐकता ऐकता मान हलवत होती. तिच्या डोळ्यांसमोर तो खलबत्ता आला होता हे मला दिसत होतं.

अडचण आली ती वेगळीच. बशी एक, काटे पाच. सगळे आपापला काटा तोंडातून काढून परत त्याच बशीत घालणार. आमच्या घरात उष्ट्या-खरकट्याचा विचार फार बारीक. आई कुणाच्या पेल्याला ओठ लावत नाही, भाजीच्या पातेल्यात जेवणाचा चमचा गेलेला तिला खपत नाही. तिने छोटी बशी मागितली, ती मिळालीही. पण चौघं एका बशीवर वाकलेले आणि ती एकटी बाजूला आपल्या बशीत, हे तिलाच बरं वाटेना. आजूबाजूला सगळीकडे तीन-तीन, चार-चार डोकी एकेका बशीवर आली होती, बोलणं त्या बशीवरूनच चाललं होतं. बाजूला बशी घेतली की माणूस बोलण्यातूनही बाजूला पडतं.

तोडगा तिनेच काढला. अंदालुसियात, म्हणजे दक्षिण स्पेनच्या या प्रांतात, प्रत्येक गोष्टीबरोबर पिकोस येतात, बोटाच्या पेराएवढ्या, कडक भाजलेल्या पावाच्या कांड्या. आईने एक पिको उचलला, त्याने पालकाचा घास ओढला, अख्खा तोंडात टाकला. पुढच्या घासाला नवा पिको. एकदाच बुडवायचं, परत बशीत न्यायचं नाही. भाकरीच्या तुकड्याने कालवण खाल्लेल्या हातांना हे शिकवावं लागलं नाही. थोड्या वेळाने भाचीने काटा ठेवून दिला आणि आजीसारखं खायला लागली. मग मी.

त्या काउंटरवर हिशेब कागदावर होत नाही. तुम्ही जे घ्याल त्याची किंमत तुमच्यासमोरच्या लाकडावर खडूने लिहितात. आई हे बघून अगदी हलली. चौतीस वर्षं तिच्या बोटांच्या पेरांत खडू होता. समोरचा माणूस लिहिताना तिच्या बाजूने आकडे उलटे दिसत होते, तरी ती वाचत होती: एकाला डोक्यावर तिरकी काठी, साताच्या पोटातून आडवी रेघ, आणि दशांशचिन्हाच्या जागी स्वल्पविराम. “हा स्वल्पविराम आमच्या पोरांनी दिला असता तर मी गुण कापला असता,” म्हणाली. त्याने शेवटची किंमत लिहून खाली रेघ ओढली, तोवर आईने मराठीत बेरीज सांगूनही टाकली होती. भाचीने ती मोठ्याने स्पॅनिशमध्ये सांगितली. तो थांबला, आईकडे पाहिलं, मग वरून खाली बेरीज करत गेला. जुळली. “मुई बिएन, मी आर्मा!” म्हणत त्याने खडूचं टोक दोनदा लाकडावर टकटक वाजवलं. पैसे दिल्यावर ओल्या फडक्याचा एक हात, आणि सगळं पुसलं गेलं. लाकडाच्या रेषांत थोडा पांढरा राहिला. आईने जाता जाता त्यावरून बोट फिरवलं.

संध्याकाळी आम्ही पूल ओलांडून त्रियानाला, नदीपलीकडच्या वस्तीत गेलो. ग्वादालकिविर नदीच्या नावात अरबी आहे, मोठी नदी असा अर्थ. सगळ्या शहरभर नारंगाच्या झाडांना फुलं लागली होती; तो वास मी अजून विसरलेले नाही, लग्नातल्या मोगऱ्यासारखा पण जरा कडवट. स्पॅनिशमध्ये संत्र्याला नारांहा म्हणतात. संस्कृत नारंग फारसीतून, अरबीतून इथवर आला. साखरेला असूकार, तीही शर्करेचीच लेक.

ते साखरेचं पुढच्याच बारमध्ये जिभेवर आलं. बेरेन्हेनास कोन मिएल: वांग्याचे पातळ काप पिठात घोळून तळलेले, वरून काळपट, घट्ट, चमकणारी धार. मिएल म्हणजे मध, पण तो मध नव्हता. आईने बोटावर थेंब घेतला आणि माझ्याकडे बघत राहिली. “अगं, ही तर काकवी!”

होय, काकवीच. मिएल दे कान्या, उसाचा मध. अरबांनी या देशात ऊस आणला, ग्रानादा आणि मालागाच्या किनाऱ्यावर शतकानुशतकं त्याची लागवड झाली, आणि मालागाजवळच्या फ्रिहिलियाना गावात अजूनही ही काकवी तयार होते. आई करवीरची. थंडीत गुऱ्हाळावरून किटलीत आणलेली गरम काकवी, तिच्यात बुडवलेली भाकरी, हे तिचं लहानपण. वांग्याचे काप तर आमच्याकडे आठवड्याला होतात. पण दोन्ही एकत्र? खारट, कुरकुरीत कापावर गोड काकवी? “साठ वर्षांत मला हे सुचलं नाही,” ती म्हणाली, आणि तिने चार काप खाल्ले. तापा संपली, मेदिया मागवली. हाताने उचलायची गोष्ट, भज्यांसारखी. तिथे उष्ट्याचा प्रश्नच नव्हता.

तिथेच पापास आलिन्यास खाल्ले, म्हणजे उकडलेले बटाटे, कांदा, पार्सली, ऑलिव्ह तेल आणि शेरीचं व्हिनेगर. यावर बऱ्याचदा ट्यूना असतो, पण आईने वही न काढता वाक्य म्हटलं आणि बशी स्वच्छ आली. स्पेनमध्ये बहुतेक ठिकाणी पाताता, इथे पापा. आपण पोर्तुगिजांकडून बटाटा शब्द घेतला. 1503 साली इथे कासा दे कोंत्रातासियोन हे व्यापाराचं सरकारी कार्यालय स्थापन झालं आणि स्पेनचा अमेरिकेशी होणारा सगळा व्यापार दोनशेहून अधिक वर्षं या शहराच्या हाती राहिला. बटाटा, टोमॅटो, मिरची ही मंडळी याच नदीच्या वाटेने आली असं भाऊ सांगत होता. आई म्हणाली, “आणि पोर्तुगिजांनी गोव्याला आणली.” मिरचीशिवाय कोल्हापूर कसं असेल, यावर मग बराच वेळ गेला.

कुआरेस्मा चालू होता, ईस्टरच्या आधीचे चाळीस दिवस. या काळात शुक्रवारी मांस वर्ज्य. म्हणून जागोजागी फळ्यावर पालक-छोले आणि कॉड, आणि मिठाईच्या काचांमागे तोरिहा: दुधात किंवा वाइनमध्ये भिजवून, अंड्यात घोळून तळलेला पाव, वर मध. आईला कळायला वेळ लागला नाही. “यांचा श्रावण,” ती म्हणाली. त्यानंतर हामोनकडे बघून तिचा जीव आक्रसणं जरा कमी झालं. निदान या लोकांना सोडणं म्हणजे काय ते माहीत आहे, असं तिला वाटलं असावं.

शेवटच्या रात्री भावाच्या घराजवळच्या एका साध्या बारमध्ये गेलो. तीन उंच टेबलं, कोपऱ्यात टीव्हीवर फुटबॉल, जमिनीवर कागदी नॅपकिन पडलेले. नऊ वाजून गेले होते. भाऊ दारात कुणाशी तरी बोलत थांबला, वहिनी भाचीच्या कोटाची अडकलेली चेन काढत होती, मी टेबल धरायला गेले. वळून पाहते तर आई काउंटरपाशी. वही मिटलेली हातात. “उना मेदिया दे एस्पिनाकास, पोर फावोर,” ती म्हणाली, आणि मग चारही ‘सिन’ क्रमाने. काउंटरमागच्या बाईने हाताने पाच दाखवून विचारलं, पाच काटे? आईने नकारार्थी मान हलवली आणि पिकोसच्या टोपलीकडे बोट केलं. दोन टोपल्या घेतल्या.

बशी तिने स्वतः आणली, टेबलाच्या बरोबर मध्ये ठेवली. आम्ही अजून कोट काढत होतो, भाऊ दारातच होता. आईने पहिला पिको बुडवला आणि तोंडात टाकला.